उघड्या गाडीतलं पाणी

गोव्यात जुनी गाडी किलोमीटरने म्हातारी होत नाही, पाण्याने होते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. उरलेले आठ महिने समुद्रावरून खारट दमट वारा येत राहतो. हिवाळ्यातल्या पहाटे दव पडतं, तेव्हा झाकून ठेवलेल्या गाडीच्या आतल्या पत्र्यावरही थेंब जमतात. अशा ठिकाणी कापडी टपाची, साठ वर्षांपूर्वीची गाडी रोज चालवायची म्हणजे पाणी कुठून शिरतं, कुठे थांबतं आणि कुठून बाहेर जातं, हे पाठ असायला हवं. ते पाठ असेल तर ही गाडी पणजी-म्हापसा, मडगाव-फोंडा असं रोजचं काम निमूटपणे करते. शिवाय गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या तिच्या भावंडांपेक्षा तिची प्रकृती चांगली राहते, कारण उभ्या गाडीत पाणी बसून राहतं आणि चालत्या गाडीतलं वाऱ्याने आणि उष्णतेने सुकत जातं.

उदाहरणादाखल ट्रायम्फ हेरल्डचा कन्व्हर्टिबल, म्हणजे कापडी टप मिटून उघडी करता येणारा अवतार घेऊ. रोजच्या वापरासाठी याहून समजूतदार उघडी गाडी आपल्याकडे क्वचितच सापडेल. जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरने आखलेली हेरल्ड १९५९ साली इंग्लंडात बाजारात आली, पुढच्या वर्षी तिचा कापडी टपाचा प्रकार निघाला. १९६१मध्ये इंजिन ९४८ सीसीवरून ११४७ सीसी झालं, आणि १९७१पर्यंत ती वेगवेगळ्या रूपांत बनत राहिली. तिला स्वतंत्र चासी (खालचा लोखंडी सांगाडा) आहे, म्हणजे बॉडीचे तुकडे बोल्टांनी चासीवर बसतात आणि सुटेही होतात. अख्खं बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलतं. इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन असं समोर उघडं पडतं की टायरवर बसून काम करता येतं. वळणाचा घेर साधारण २५ फूट, म्हणजे जुन्या पणजीतल्या फोंतेन्यासच्या गल्लीतही ती सहज वळते.

दुसरं कारण सुट्या भागांचं. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१पासून स्टँडर्ड हेरल्ड भारतात बनवली, पुढे चार दारांची मार्क थ्री आणि १९७२मध्ये गॅझेल आली. भारतीय गाडीत इंजिन ९४८ सीसीचंच राहिलं. तरी पुढच्या सस्पेन्शनचे, स्टिअरिंगचे, ब्रेकचे बरेच भाग जुळतात. फक्त मागच्या एक्सलचे भाग घेताना गॅझेलपासून सावध राहावं, कारण तिचा मागचा एक्सल सरळ अखंड आहे आणि हेरल्डचा दोन्ही बाजूंना स्वतंत्र झुलणारा. इंग्लंडात या गाडीचे बरेच भाग आजही नवे बनतात, पण त्यांवर कस्टम ड्युटी आणि वाट पाहणं आलं. म्हणून पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या दिवसांत घरोघर सुकी मासळी, मिरच्या आणि कोकम भरून ठेवतात तसे या गाडीचे रबरी सील, होज, वायपर ब्लेड आणि ब्रेकच्या सिलिंडरांतल्या रबरी वाट्या मे महिन्यातच घरात असाव्यात. जुलैत शोधत बसायची वेळ येऊ नये.

टपापासून सुरुवात करू, कारण पाणी तिथूनच सुरुवात करतं. मूळ टप व्हिनाइलचा. आज त्याचे तीन पर्याय मिळतात: व्हिनाइल, मोहेअर म्हणून ओळखलं जाणारं दुपदरी कापड, आणि बोटींच्या छपरांना वापरतात ते अॅक्रिलिक कॅनव्हास. मोहेअर दिसायला सर्वांत देखणं, पण त्याच्या आतल्या सुती पदराला गोव्याच्या पावसाळ्यात बुरशी धरते आणि ती पुन्हा जात नाही. रोजच्या वापराला पॉलिस्टरचं अस्तर असलेलं जाड व्हिनाइल किंवा अॅक्रिलिक कॅनव्हास घ्यावं. व्हिनाइल पाणी अजिबात पीत नाही, धुवायला सोपं, फक्त उन्हाने काही वर्षांत कडक होतं. अॅक्रिलिकचा रंग धाग्यातच असल्यामुळे तो उन्हात टिकतो आणि कापड श्वास घेतं, मात्र त्यावरचं जलरोधक लेपन दोनेक वर्षांनी पुन्हा द्यावं लागतं.

कापडापेक्षा दोरा महत्त्वाचा. सीट कव्हर शिवणाऱ्याकडे टप टाकला की तो हाताशी असलेला सुती किंवा साधा नायलॉनचा दोरा लावतो. सुती दोरा ओलाव्याने कुजतो, साधा नायलॉन उन्हाने पिचतो, आणि कापड धडधाकट असताना शिवणी उसवतात. बाँडेड पॉलिस्टरचा जाड दोरा आधीच आणून द्यावा. टाका तीन ते चार मिलिमीटरचा. टाके याहून दाट पडले तर सुईच्या भोकांची ओळ टपालावरच्या तिकिटासारखी वागते आणि ताण आला की व्हिनाइल त्या ओळीवरच फाटतं. आडव्या शिवणीत वरचा पदर खालच्या पदरावर उताराच्या दिशेने यायला हवा, कौलं बसवतात त्याच क्रमाने, नाहीतर धावत्या गाडीत पाणी शिवणीत ढकललं जातं. शिवण झाली की बाहेरून सीम सीलर फिरवायचा.

नवा टप बसवायची वेळ मार्च-एप्रिलची. व्हिनाइल उन्हात तासभर पसरून मऊ झालं की ताणून बसवता येतं. पावसाळ्यात बसवलेला टप पहिल्या उन्हात सैल पडतो आणि त्यात पाण्याची पिशवी तयार होते. बसवल्यावर निदान आठवडाभर तो मिटू नये. मागची पारदर्शक खिडकी पाऊण ते एक मिलिमीटर जाडीच्या पीव्हीसीची घ्यावी. ती फक्त पाणी आणि मऊ सुती फडक्याने पुसायची. थिनर, पेट्रोल, अमोनियावालं काच पुसायचं औषध यांनी ती धुरकट होते. टप मिटताना खिडकीवर जुन्या धोतराचा किंवा चादरीचा तुकडा पसरावा, म्हणजे सांगाड्याची लोखंडी पट्टी तिच्यावर घासणार नाही. ओला टप कधीही मिटून ठेवू नये. दोन दिवसांत घडीच्या आत काळे ठिपके येतात. ते आलेच तर पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात मिसळून मऊ ब्रशने घासावं. ब्लीच वापरलं तर डाग जातो आणि दोराही जातो.

आणि माडाखाली गाडी लावू नये. पत्र्याच्या टपावर नारळ पडला तर खड्डा पडतो, कापडी टपातून तो थेट सीटवर येतो.

टप कितीही चांगला असला तरी पाणी आत येणारच, हे धरूनच पुढची व्यवस्था करायची. हेरल्डची विंडस्क्रीनची चौकटसुद्धा बोल्टांनी बसवलेली आहे. तिच्या बुडाशी असलेला सील आखडला की पाणी डॅशबोर्डमागून थेट पायांवर येतं. लोक टप बदलतात आणि पाय ओलेच राहतात, ते यामुळे. चौकटीचे बोल्ट सैल करून खाली नवा बंद पेशींचा फोम आणि न सुकणारा मॅस्टिक सीलर घालावा. सिलिकॉन घालू नये, तो पुढच्या वेळी निघत नाही आणि त्यावर रंगही धरत नाही. दुसरी वाट बॅटरीखालून. बॅटरी इंजिनमागच्या भिंतीवरच्या कप्प्यात बसते, तिच्यातलं ॲसिड सांडून कप्प्याचा पत्रा खाल्ला जातो, आणि मग पावसाचं पाणी त्या भोकातून आत पडतं. देखभाल न लागणारी बंद बॅटरी, खाली प्लॅस्टिकचा ट्रे, आणि वर्षातून एकदा बॅटरी उचलून पत्रा पाहणं एवढ्यावर हे भागतं.

मूळ कार्पेटखाली ज्यूटचा नमदा असे. तो काढूनच टाकावा. एकदा ओला झाला की महिनाभर पाणी धरतो आणि फ्लोअर खालून नव्हे, वरून गंजतो. त्याऐवजी बंद पेशींचा फोम आणि त्यावर उचलता येणारे रबरी मॅट घालावेत. फ्लोअरच्या भोकांतली रबरी बुचं पावसाळ्यात दर आठवड्याला काढून पाणी जाऊ द्यावं. दारांच्या खालच्या कडेला पाण्याची बारीक भोकं असतात. गोव्यातली लाल धूळ आणि पाणी मिळून त्यांत चिखल बसतो, तो सुकला की विटेसारखा घट्ट होतो. जुन्या सायकलच्या स्पोकने ती भोकं मोकळी करायची. ती बुजली तर दाराचा खालचा पत्रा दोन पावसाळ्यांत जाळी होतो.

कापडी टपाच्या गाडीला पत्र्याच्या छताचा आधार नसतो, म्हणून चासीची प्रकृती दारांच्या फटींवरून वाचायची. दाराच्या मागच्या कडेची फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर अरुंद आणि खाली रुंद होत चालली तर गाडी मध्ये वाकते आहे. त्याचं कारण बहुधा चासीच्या बाजूला निघालेले आउटरिगर किंवा दारामागच्या खांबाचं बूड कुजलेलं असतं. बाहेरून दिसणारी दाराखालची सिलची पट्टी या गाडीत बोल्टांवर असते, ती नवी चकचकीत असण्याचा चासीशी काही संबंध नाही. गाडी घेताना खाली झोपून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकत जावी. घट्ट लोखंडाचा आवाज टणटणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. पत्र्यावर पत्रा ठिगळलेला असेल तर दोन पदरांमध्ये पाणी अडकून खरी चासी आतून संपलेली असते. कुजलेला भाग पूर्ण कापून १.६ मिलिमीटरचा पत्रा मिग वेल्डिंगने लावणं हाच उपाय. गॅस वेल्डिंगने पत्रा तापून चासी ओढली जाते. कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत लोखंडी पट्टीचा तात्पुरता आधार वेल्ड करावा, दारं लावून फटी तपासत काम करावं, आणि गाडी शक्यतो स्वतःच्या चाकांवर, आपल्या वजनाने उभी असावी. आधार न देता कापलेल्या गाडीची दारं पुन्हा कधीच नीट लागत नाहीत.

वेल्डिंगनंतर आपल्याकडे रेड ऑक्साइड मारून गाडी परत देतात. रेड ऑक्साइड हा प्रायमर आहे, तो स्वतः ओलावा शोषतो. त्यावर दोन हात चासी पेंट किंवा टू-पॅक इपॉक्सी नसेल तर एका पावसाळ्यात खालून गंज परत येतो. पोकळ भागांत लांब नळीच्या बंदुकीने पातळ कॅव्हिटी वॅक्स मारायचं, ते फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या दिवसांत, आणि नंतर पाण्याची भोकं पुन्हा मोकळी करायची. सर्व्हिस स्टेशनवर गाडीखाली जळकं इंजिन ऑइल फवारून देण्याची पद्धत अजून आहे. तिला ठाम नकार द्यावा. जळक्या ऑइलमधली आम्लं पत्र्याला चांगली नाहीत, सस्पेन्शनचे रबरी बुश त्याने फुगतात आणि अंगणातल्या विहिरीजवळची माती खराब होते ती वेगळी.

आता ज्या भागासाठी ही गाडी बदनाम आहे आणि ज्याची बदनामी बहुतांशी अन्यायाची आहे, तो म्हणजे पुढचा ट्रनियन. पुढचं चाक ज्या उभ्या लोखंडी दांड्यावर वळतं त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात, आणि ते आटे पितळी धातूच्या एका ठोकळ्यात फिरतात. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांत वरखाली स्क्रूसारखा फिरतो. या जोडाला गिअर ऑइल हवं, ईपी ९० जातीचं. ग्रीस नको. ग्रीस वरच्या भागातच थिजून बसतं, तळाच्या आट्यांपर्यंत पोचत नाही. मग सीलच्या कडेने शिरलेलं पावसाचं पाणी तळाशी बसतं, लोखंडी आट्यांवर गंजाचे खड्डे पडतात, पितळ झिजतं, जोड जड होतो. दर वळणाला दांड्यावर पीळ बसतो आणि एके दिवशी जिथे आटे सुरू होतात बरोबर तिथे दांडा तुटतो. चाक आत दुमडतं. बहुधा हे कमी वेगात, पूर्ण वळवताना होतं, म्हणून जीव वाचतात. पण महामार्गावर होणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही.

उपाय इतका साधा आहे की तो न करणं अक्षम्य वाटतं. गाडी जॅकवर घेऊन चाक लोंबतं ठेवायचं. ट्रनियनवरचा छोटा बोल्ट काढून तिथे ग्रीस निपल लावायचा. ऑइल भरलेल्या बंदुकीने दाब देत राहायचा, चाक एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला वळवायचं. वरच्या सीलमधून आधी काळं, मग स्वच्छ ऑइल बाहेर आलं की काम झालं. कंपनीने यासाठी ६००० मैलांचं अंतर दिलं होतं, ते इंग्लंडच्या रस्त्यांसाठी. गोव्यात उन्हाळ्यात दोन महिन्यांतून एकदा, पावसाळ्यात दर महिन्याला, आणि चाक पाण्यात बुडालं तर त्याच आठवड्यात हे करावं. दोन्ही मिळून अर्ध्या तासाचं काम. गॅरेजमध्ये ‘ग्रीसिंग करा’ एवढंच सांगून गाडी सोडली तर तिथला पोऱ्या सवयीने ग्रीस गनच लावणार, तेव्हा ऑइलची बंदूक आपल्या डिकीत ठेवावी. ट्रनियन बदलायचा झाला तर दांड्याचे आटे पाहावेत, खड्डे पडलेला दांडा नव्या पितळात घालू नये. डाव्या-उजव्या बाजूचे आटे उलट दिशेचे असतात, त्यामुळे एका बाजूचा भाग दुसऱ्या बाजूला चालत नाही. दांडा ठोकळ्यात पूर्ण आत घालून पहिल्या योग्य स्थितीपर्यंत मागे फिरवावा, म्हणजे दोन्ही टोकांना वळताना तो तळाशी आपटणार नाही.

ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि गोव्यात त्याला ओढायला भरपूर असतो. पाणी मुरलेलं फ्लुइड चोर्ला घाट उतरताना लवकर उकळतं आणि पेडल मऊ पडतं. रोजच्या सपाट रस्त्यावर त्याचं नुकसान वेगळं: व्हील सिलिंडरच्या आत खड्डे पडतात, वाटी फाटते आणि ड्रममध्ये गळती सुरू होते. या गाडीला ब्रेकचं एकच सर्किट आहे, म्हणजे एका चाकाची गळती ही चारही चाकांची. दरवर्षी ऑक्टोबरात, पाऊस ओसरल्यावर, डॉट ४ फ्लुइड पूर्ण बदलावं. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत हवा काढायचा क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. लोखंडी पाइप काढून ३/१६ इंची कॉपर-निकेलचे घातले की गंजाचा विषय संपतो. एसीवाल्याकडचा शुद्ध तांब्याचा पाइप घालू नये, तो कंपनाने कडक होऊन चिरतो. सिलिंडरला खड्डे असतील तर लेथवर स्टेनलेसची स्लीव्ह मारून घ्यावी. ड्रम ब्रेक पाण्यातून गेले की पहिल्या दाबाला काहीच करत नाहीत. पाण्याबाहेर पडल्यावर मागे-पुढे पाहून, चालत्या गाडीत डाव्या पायाने हलका ब्रेक धरून ते सुकवावेत.

पाण्यात किती जावं? चाकाच्या मध्यापर्यंतसुद्धा नको. धावून तापलेला डिफरन्शिअल एकाएकी गार पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पुढच्या आठवड्यात लेव्हलचं बूच काढून बोट घालावं. ऑइल दुधाळ असेल तर लगेच बदलायचं. गिअरबॉक्समध्ये गिअर जुळवणाऱ्या पितळी कड्या (सिंक्रो) असल्यामुळे तिथे जीएल-४ दर्जाचंच ऑइल घालावं. फेरीबोटीवरही पाण्याला जपावं. रायबंदरहून चोडणला जाताना भरतीला धक्क्याचा उतार खाऱ्या पाण्याने ओला असतो, आणि ते पाणी चाकांनी उडून नेमकं आउटरिगरवर बसतं. घरी आल्यावर गोड्या पाण्याचा पाइप खालून पाच मिनिटं फिरवायचा. प्रेशर वॉशर नको, तो पाणी सीलच्या आत ढकलतो.

पेट्रोलमध्येही आता पाण्याचा प्रश्न आहे. पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा पितं. ठरावीक मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्ये मिसळून राहतं, त्यापुढे इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. गाडी रोज चालत असेल आणि दर आठवड्याला ताजं पेट्रोल पडत असेल तर हे होत नाही. पाऊस लागला म्हणून दोन महिने उभी केलेल्या गाडीत होतं. उभी करायचीच असेल तर टाकी काठोकाठ भरून, म्हणजे आत ओल्या हवेला जागा राहणार नाही. गाडीच्या फ्यूएल पंपाला काचेची वाटी असेल तर तिच्यात पाणी दिसतं का, हे दर रविवारी पाहावं. जुने रबरी होज इथेनॉलने मऊ होऊन आतून सुटतात, त्यांचे काळे कण जेटमध्ये अडकतात. एसएई जे३० आर९ असा छाप असलेला होज घ्यावा, आणि पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा. इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं: इंजिन अडखळतं, गरम चालतं, प्लगचं पोर्सेलिन पांढरं पडतं. मेन जेट एक माप मोठा घालून प्लग फिकट तपकिरी येईपर्यंत जुळवावं. पीयूसीसाठी जुन्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांच्या आत हवा, नीट जुळवलेली हेरल्ड तेवढं आरामात देते. शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं, त्यामुळे कधी हेड उघडलंच तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या बसवून घ्याव्यात. तोवर टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी असलेली फट तपासत राहावी: थंड इंजिनवर ०.२५ मिमी. आठव्या क्रमांकाचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिला जुळवायचा, सातवा उघडला की दुसरा, म्हणजे दोन्ही आकड्यांची बेरीज नऊ. फट पुन्हापुन्हा कमी होत असेल तर व्हॉल्व्हची सीट झिजून खोल जाते आहे असं समजावं.

वायरिंगमध्ये पाणी हिरव्या रंगात दिसतं. गोल बुलेट कनेक्टर खारट हवेने हिरवे पडतात आणि दिवे मंदावतात. लोक दिवे बदलतात, दोष जोडात असतो. दर मे महिन्यात प्रत्येक जोड काढून घासून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून बसवावा, इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते चासी या अर्थच्या पट्ट्यांसकट. हेरल्डच्या जुन्या वायरिंगला फ्यूज जवळजवळ नाहीतच. छोटा ब्लेड फ्यूजचा डबा आणि हेडलाइटला रिले हे दोन बदल मूळपणाच्या हट्टापायी टाळू नयेत. बॅटरी भरणाऱ्या डायनॅमोचंही तसंच. तो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तेही वेगात. पावसाळी संध्याकाळी पर्वरीच्या कोंडीत हेडलाइट, वायपर, हीटरचा पंखा, ब्रेकलाइट मिळून पंधरा-अठरा अँपिअर लागतात आणि आयडलवर डायनॅमो शून्य देतो. मारुती ८००चा अल्टरनेटर थोड्या ब्रॅकेटकामाने बसतो. पुली बेल्टच्या रेषेत हवी, मुख्य वायर जाड हवी, आणि गाडी जुन्या पद्धतीने पॉझिटिव्ह अर्थवर (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं) असेल तर आधी निगेटिव्ह अर्थ करून कॉइलच्या वायरी उलटवाव्यात, नाहीतर पहिल्याच स्टार्टला डायोड जळतात. हीटर गोव्यात कशाला, असं म्हणून तो काढू नये. टप बंद असताना पावसात काचेवर धुकं बसतं, आणि ते गरम हवेनेच जातं. जोडीला पुढची तिकोनी खिडकी बोटभर उघडी ठेवायची.

पाणी जिथे असायलाच हवं ती जागा रेडिएटर, आणि तिथे आपण हयगय करतो. विहिरीचं पाणी घालू नये. डिस्टिल्ड पाण्यात निम्म्याच्या आसपास कूलंट, दोन वर्षांनी बदल. गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकायचा रिवाज सोडावा. गरम होण्याचं कारण बहुधा चोंदलेला रेडिएटर असतो, आणि थर्मोस्टॅटशिवाय पावसात इंजिन कधी तापतच नाही. मग जळणातून तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये राहतं आणि झाकणाखाली पिवळसर लोणी जमतं. घर ते बाजार एवढ्याच फेऱ्या असतील तर आठवड्यातून एकदा पणजी ते मडगाव एवढी सलग दौड द्यावी, म्हणजे तो ओलावा उडतो. सुमारे चार लिटर २०डब्ल्यू-५० ऑइल दर ५००० किलोमीटरला.

कोंडीतली आणखी एक सवय या इंजिनाच्या मुळावर येते. क्लच दाबून उभं राहिलं की क्रँकशाफ्ट पुढे ढकलला जातो, आणि तो दाब अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर सोसतात. ते झिजून सम्पमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) पडले तर क्रँक ब्लॉकलाच घासतो. थांबलं की न्यूट्रल करावं. इंजिन बंद ठेवून कुणाला तरी क्लच दाबायला सांगून पुढची पुली पाहावी. ०.१ ते ०.२ मिमी सरकणं ठीक, ०.२५च्या पुढे गेलं तर सम्प उतरवून वॉशर बदलावेत. इंजिन काढावं लागत नाही.

ओल्या वळणावर मागच्या झुलत्या एक्सलचा स्वभाव लक्षात ठेवावा. वेगात शिरून मध्येच ॲक्सिलरेटर सोडला की मागचं बाहेरचं चाक आत दुमडायला पाहतं आणि शेपूट सरकतं. वळणाआधी वेग उतरवायचा आणि वळणात हलकी गती धरून ठेवायची. पहिल्या पावसात लाल धुळीचा लेप रस्त्यावर असतो तेव्हा तर हे पाळावंच. मागच्या टायरांत पुढच्यापेक्षा काही पौंड जास्त हवा. १५५/८० आर १३ मापाचे टायर आजच्या वॅगन आरमुळे सहज मिळतात.

कागदपत्रांत एक निवड चुकू देऊ नये. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्थितीतल्या गाड्यांना विंटेज नोंदणी आणि व्हीए मालिकेची पाटी मिळते. शुल्क २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, नूतनीकरणाला ५,०००. पाटी देखणी आहे, पण ती लावलेली गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणता येते, रोज चालवता येत नाही. रोज चालवायची तर साधीच नोंदणी ठेवून दर पाच वर्षांनी फिटनेस तपासणी करून ती वाढवावी. बंद हेरल्डचं छत बोल्ट काढून उतरतं म्हणून घरच्या घरी कन्व्हर्टिबल केलेल्या गाड्याही विकायला येतात. तिथे आरसीवरचा बॉडीचा प्रकार आधी वाचावा. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ असा बदल परवानगीशिवाय मान्य करत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते. विमा ठरलेल्या किमतीचा मागावा. घसारा लावून काढलेल्या किमतीत या गाडीचा टपसुद्धा येणार नाही.

डिकीत कायमचं सामान थोडंच लागतं. फॅन बेल्ट, इग्निशनचे पॉइंट, कंडेन्सर आणि रोटर, दोन प्लग, फ्यूज, होजच्या क्लिपा, लिटरभर ऑइल, ईपी ९०ची बंदूक, ए.एफ. (इंची) मापाचे पाने आणि फट मोजायला ०.२५ व ०.३८ मिमीच्या पात्या असलेला फीलर गेज. पहिली पाती टॅपेटची, दुसरी पॉइंटची. कंडेन्सर दोन असू द्यावेत. आजकाल नव्या डब्यातला कंडेन्सरही पहिल्याच आठवड्यात जातो, म्हणून चांगला चाललेला जुना काढला तर तो फेकू नये, सुट्या सामानात ठेवावा. हे सगळं झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवायचं, कारण डिकीच्या रबरातूनही पाणी येतंच. ते रबर वरच्या मधोमध न जोडता खालच्या कडेला जोडावं.